एका तासाचं नाटक, थेट घरात: अमेरिकेतली जुनी टीव्ही नाटकं

गवतीचहा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

'एक रुका हुआ फैसला' इथल्या बहुतेकांनी पाहिलेला असेल. बासू चटर्जींचा, १९८६ सालचा. पंकज कपूरचा चढत जाणारा पारा, अन्नू कपूरचा म्हातारा, के. के. रैनाचा शांतपणा. त्यामागे सिडनी ल्युमेटचा १९५७ सालचा '१२ अँग्री मेन' आहे हेही ठाऊक असतं. पण त्या सिनेमाच्याही आधी ते एक टीव्ही नाटक होतं. २० सप्टेंबर १९५४ च्या रात्री, सीबीएस या अमेरिकन टीव्ही वाहिनीच्या 'स्टुडिओ वन' या कार्यक्रमात, ते न्यूयॉर्कमधून थेट सादर झालं. गोष्ट ज्यूरीची, म्हणजे खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष हे एकमताने ठरवायला बसवलेल्या बारा सामान्य नागरिकांची. बारा नट टेबलाभोवती बसले होते आणि त्याच क्षणी लोक आपापल्या घरी त्यांना बघत होते.

गेल्या महिन्यात मी ते मूळ नाटक पाहिलं. चित्र धुरकट आहे, आवाज मधूनच खोल जातो. पाचेक मिनिटांत ते सगळं विसरायला झालं. सिनेमातला हेन्री फाँडा पांढऱ्या सुटात उठून उभा राहिला की हाच जिंकणार हे आपल्याला आतून कळतं. इथला रॉबर्ट कमिंग्ज तसा नाही. तो चाचरतो, अकरा जणांच्या विरोधात बोलताना घाबरलेला दिसतो. मला हा माणूस जास्त खरा वाटला. लेखक रेजिनल्ड रोझ स्वतः एका खटल्यात ज्यूरी म्हणून बसले होते, त्यातून त्यांना हे सुचलं.

मग पाठोपाठ 'मार्टी' पाहिलं. २४ मे १९५३, एनबीसी वाहिनी. लेखक पॅडी चायेफ्स्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान, आणि मार्टीच्या भूमिकेत रॉड स्टायगर. मार्टी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात मटणाच्या दुकानात काम करतो. वय छत्तीस, अंगाने जाडजूड, आईजवळ राहतो. धाकट्या भावंडांची लग्नं झालीत. मटण घ्यायला आलेल्या बायकाही त्याला टोचतात, की तुझं कधी? आपल्याकडे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न कुणाला तरी विचारला जातोच, त्यामुळे पहिल्याच प्रवेशात माझा जीव त्याच्यात अडकला.

त्यात एक फोनचा प्रवेश आहे. शनिवारची संध्याकाळ. मार्टी एका मुलीला फोन लावतो. एकदाच कुठेतरी भेटलेली, तिला बहुधा तो आठवतही नाही. पलीकडचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. फक्त स्टायगरचा चेहरा, आणि कॅमेरा सावकाश त्याच्याकडे सरकत जातो. आज नाही? मग पुढच्या शनिवारी? त्याच्या पुढच्या? आवाज बारीक होत जातो. मग फोन ठेवतो. पार्श्वसंगीताची गरजच पडलेली नाही.

हा चेहरा रंगमंचावर दहाव्या रांगेतून दिसला नसता. सिनेमाच्या भव्य पडद्यावर तो अंगावर आला असता. घरातल्या छोट्या डबड्यात मात्र तो आपल्याएवढाच असतो, समोरच्या खुर्चीत बसल्यासारखा.

माझं म्हणणं असं की आपण यांच्याकडे 'जुने टीव्ही शो' म्हणून बघतो आणि मग नेपथ्य लुटुपुटूचं वाटतं, हालचाली अवघडलेल्या वाटतात. या एकांकिका आहेत. तासाभराचा वेळ, मोजकी पात्रं, दोनतीन जागा, आणि एकदा सुरू झालं की थांबणं नाही. कॉलेजात दोन वर्षं एकांकिका स्पर्धांना मी विंगेत प्रॉम्प्टिंगला उभी असायची. नट वाक्य विसरला की पोटात जो गोळा यायचा, तोच ही नाटकं बघताना येतो.

तुम्ही कुणी ही नाटकं पाहिली आहेत का? दर भागात नवी गोष्ट सांगणाऱ्या त्या काळच्या मालिकांबद्दलही लिहा. मला अजून पुष्कळ बघायचं आहे.

---

तिसरी घंटा

गवतीचहा, एकांकिका हा शब्द अगदी नेमका वापरलात. मी तीस वर्षं हौशी रंगभूमीवर प्रकाशयोजना करतो आहे, त्यामुळे या नाटकांच्या तांत्रिक बाजूने मला कायम वेड लावलंय. जरा सविस्तर लिहितो.

चित्र धुरकट का दिसतं, तर आपण बघतो ती मूळ प्रतिमा नाहीच. तेव्हा व्हिडिओटेप नव्हती. अँपेक्स कंपनीचं व्हिडिओटेप यंत्र १९५६ साली आलं. त्याआधी एकच उपाय होता: कार्यक्रम चालू असताना टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून ठेवायचा. त्याला किनेस्कोप म्हणत. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांच्या घड्याळांत तीन तासांचा फरक, म्हणून तिकडच्या प्रेक्षकांना हे किनेस्कोप दाखवत. काम झालं की त्याचं मोल कुणाला वाटत नसे.

तुम्ही पाहिलेलं '१२ अँग्री मेन' पूर्ण हाती लागलं तेच केवढ्या नशिबाने! कित्येक वर्षं त्याचा पहिला अर्धाच भाग उपलब्ध होता. २००३ साली सबंध किनेस्कोप सापडला, तोही सॅम्युएल लायबोविट्झ यांच्या घरी. स्कॉट्सबरो खटल्यात नऊ कृष्णवर्णीय मुलांची बाजू लढवणारे हे नामांकित वकील, पुढे न्यायाधीश झाले. ज्यूरीवरचं नाटक एका फौजदारी वकिलाने जपून ठेवलं होतं.

आता स्टुडिओत काय चाले ते बघा. एका मोठ्या हॉलमध्ये भिंतींच्या कडेने सगळे सेट लावलेले. स्वयंपाकघर इथे, हॉटेल तिथे, रस्त्याचा तुकडा पलीकडे. मध्ये तीनेक कॅमेरे, आणि त्यांच्या मनगटाएवढ्या जाड केबली जमिनीवर पसरलेल्या. कॅमेऱ्याच्या तोंडाशी फिरती चकती, तिच्यावर वेगवेगळी भिंगं. हा कॅमेरा प्रक्षेपणात नाही तेवढ्या दोन सेकंदांत चकती फिरवून भिंग बदलायचं. नटाचा स्वयंपाकघरातला प्रवेश संपला की कॅमेरा समोरच्या नटीच्या चेहऱ्यावर, आणि तेवढ्यात हा पठ्ठ्या केबली ओलांडत, पावलांचा आवाज न करता हॉटेलात. कोट बदलायचा तर जाहिरातीच्या वेळात. म्हणून लेखक जाहिरातीच्या जागा धरूनच संहिता बांधायचे. वेशांतराला वेळ हवा म्हणून शाहिराचं एक कडवं वाढवतात ना, तसंच.

जाहिरातीही थेट. 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' हा तासाभराच्या नाटकांचा कार्यक्रम ७ मे १९४७ ला एनबीसीवर सुरू झाला आणि अकरा वर्षं चालला. क्राफ्ट म्हणजे चीजवाले. त्यांच्या जाहिरातीत माणूस दिसायचाच नाही, फक्त दोन हात चीज घालून काहीतरी करताना दिसायचे आणि मागून एड हर्लिही यांचा आवाज. 'स्टुडिओ वन'चे प्रायोजक वेस्टिंगहाऊस. त्यांच्या जाहिराती बेटी फर्नेस करायच्या. एकदा थेट जाहिरातीत त्यांच्याकडून फ्रिजचं दारच उघडेना!

आणि 'क्लायमॅक्स!' या मालिकेच्या पहिल्याच भागात, ऑक्टोबर १९५४ मध्ये, मेलेल्या माणसाचं काम करणारा नट आपण कॅमेऱ्यात नाही असं समजून उठला आणि निघून गेला. देशभर लोकांनी प्रेत उठून जाताना पाहिलं. त्या नटाची अवस्था काय झाली असेल, ते विंगेत उभं राहिलेल्या माणसालाच कळेल.

---

पाणकणीस

सुंदर धागा. वाचनखूण साठवली आहे.

घंटादादा, एक छोटी दुरुस्ती. फ्रिजच्या दाराचा तो प्रसंग १९५४ मधला आणि त्या दिवशी बेटी फर्नेस नव्हत्या. त्यांच्याऐवजी जून ग्रॅहम जाहिरात करत होत्या. फर्नेस इतक्या लोकप्रिय होत्या की पुढे सगळ्यांच्या आठवणीत त्याच राहिल्या आणि ग्रॅहमबाईंचं नाव पुसलं गेलं.

आणखी एक. 'क्लायमॅक्स!'च्या त्याच पहिल्या महिन्यात, २१ ऑक्टोबर १९५४ ला, 'कसिनो रोयाल' झालं. जेम्स बाँड पडद्यावर पहिल्यांदा आला तो या तासाभराच्या थेट नाटकात. बॅरी नेल्सन नावाचा अमेरिकन नट, आणि सगळे त्याला जिमी म्हणतात. खलनायक मात्र पीटर लोर, आणि तो बघण्यासारखा आहे.

---

तिसरी घंटा

पाणकणीस, धन्यवाद. मी इतकी वर्षं फर्नेसबाईंचंच नाव सांगत आलोय. यापुढे ग्रॅहमबाईंचं सांगेन.

---

रात्रपाळी

मी या सगळ्याकडे उलट्या बाजूने आलो. लहानपणी काकांकडे परदेशातून आणलेल्या कॅसेटवर 'ट्वायलाइट झोन' ही दर भागात नवी, अद्भुत गोष्ट सांगणारी मालिका पाहिली होती. पुढे तिचा कर्ता रॉड सर्लिंग याच्याबद्दल वाचत गेलो, तेव्हा कळलं की हा मुळात याच थेट नाटकांचा लेखक. आणि 'ट्वायलाइट झोन'पर्यंत तो का पोचला, ही गोष्ट मला त्या मालिकेइतकीच महत्त्वाची वाटते.

सर्लिंग न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा. दुसऱ्या महायुद्धात छत्रीसैनिक म्हणून फिलिपिन्समध्ये लढला. १२ जानेवारी १९५५ ला क्राफ्टवर त्याचं 'पॅटर्न्स' झालं. मोठ्या कंपनीचा मालक एका जुन्या उपाध्यक्षाला स्वतः काढत नाही. त्याच्या जागी एक तरुण माणूस आणून बसवतो आणि त्याच्यादेखत म्हाताऱ्याचा रोज पाणउतारा करतो, म्हणजे तो आपणच राजीनामा देईल. एड बेग्ली यांनी केलेला तो म्हातारा बैठकीत कागद हातात धरून बसलेला बघा. त्याला उत्तर येत असतं, तोंडातून शब्द फुटत नाही. मी खासगी नोकरीत बावीस वर्षं काढली आहेत. असा माणूस मी पाहिला आहे, आणि तो अपमान चालू असताना मी गप्प बसलो होतो. त्यामुळे हे नाटक मला एका बैठकीत सलग बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सर्लिंगचं नाव सगळीकडे झालं. लोकांची मागणी इतकी, की ९ फेब्रुवारीला ते पुन्हा दाखवलं. पुन्हा दाखवलं म्हणजे सगळ्या नटमंडळींनी पुन्हा येऊन पहिल्यापासून थेट केलं.

आता पुढचं. ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि मारेकरी निर्दोष सुटले. सर्लिंगला यावर लिहायचं होतं. त्याचं 'नून ऑन डूम्सडे' २५ एप्रिल १९५६ ला 'युनायटेड स्टेट्स स्टील अवर'मध्ये झालं, पण ते ओळखू येणार नाही इतकं बदलून. प्रायोजकांना दक्षिणेतले गिऱ्हाईक दुखवायचे नव्हते. म्हणून मेलेला माणूस कृष्णवर्णीय राहिला नाही, कुणी परका झाला. गाव उत्तरेकडच्या न्यू इंग्लंडमध्ये हलवलं. इतकंच काय, सेटवर कोका-कोलाची बाटलीही नको, कारण तिच्याने दक्षिणेची आठवण होते! दोन वर्षांनी 'प्लेहाऊस ९०' या दीड तासाच्या नाटकांच्या कार्यक्रमासाठी 'अ टाउन हॅज टर्न्ड टू डस्ट' लिहिताना त्याने पुन्हा प्रयत्न केला. तेव्हाही गोष्ट एकोणिसाव्या शतकात ढकलली गेली आणि बळी मेक्सिकन झाला.

हे एकट्या सर्लिंगच्या वाट्याला आलं नाही. रेजिनल्ड रोझ यांच्या १९५४ सालच्या 'थंडर ऑन सिकमोर स्ट्रीट'मध्ये गोऱ्यांच्या वस्तीत एक कृष्णवर्णीय कुटुंब राहायला येतं आणि शेजारी त्यांना हुसकावायला जमतात. ते चालणार नाही म्हटल्यावर रोझनी तिथे तुरुंगातून सुटून आलेला माणूस घातला. तो कोण, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत दडवून ठेवलं. प्रेक्षकांनी ज्याच्या त्याच्या मनातला 'नको असलेला शेजारी' तिथे बसवावा म्हणून. वरून बंदी आली आणि लेखकाने तिच्यातूनच वाट काढली, हे मला फार मोठं काम वाटतं.

सर्लिंगने तीच वाट पुढे मोठी केली. २ ऑक्टोबर १९५९ ला 'ट्वायलाइट झोन' सुरू झाली. पाच हंगाम, १५६ भाग, त्यांतले ९२ त्याने स्वतः लिहिले. परग्रहावरची माणसं आहेत म्हटल्यावर प्रायोजकांनी कात्री बाजूला ठेवली. 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' (मार्च १९६०) बघा. उन्हाळ्याची संध्याकाळ, गल्लीतली वीज जाते, गाड्या सुरू होत नाहीत. एक मुलगा म्हणतो, परग्रहावरचे लोक आधीच आपल्यात येऊन राहिलेत. तेवढ्यात एका घरची गाडी आपोआप सुरू होते. बस्स. दिवे नसलेल्या त्या गल्लीत शेजारी एकमेकांच्या सवयी आठवायला लागतात: हा रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे का बघत असतो? त्या प्रश्नापासून पुढची पंधरा मिनिटं माझा श्वास अडकलेला असतो, कितव्यांदा बघत असलो तरी.

ते एमेट टिलचंच नाटक आहे असं मी म्हणत नाही. पण १९५६ साली जे त्याला बोलू दिलं नाही, ते त्याने इथे बोलून घेतलं.

---

गवतीचहा

रात्रपाळी, काय लिहिलंत! 'पॅटर्न्स' आज रात्री बघते. तुम्ही बैठकीतल्या त्या माणसाबद्दल लिहिलंत ते वाचून थांबले थोडा वेळ. सांगितल्याबद्दल आभार.

---

अनवट

वरचे प्रतिसाद आवडले, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे.

या काळाला अमेरिकेत सरसकट 'सुवर्णयुग' म्हणतात. एकट्या क्राफ्टने अकरा वर्षांत साडेसहाशेच्या आसपास नाटकं केली. दर आठवड्याला नवी संहिता, जेमतेम काही दिवसांच्या तालमी. त्यातली आपण किती बघतो? दहा? बाकीची सामान्य असणारच, आणि ती बहुतेक हरवली म्हणून हे युग इतकं झळाळतं.

दुसरं, पडद्यावर कोण होतं आणि कोण नव्हतं हेही बघायला हवं. १९५० मध्ये 'रेड चॅनेल्स' नावाची पुस्तिका निघाली. तिच्यात ज्यांची नावं डाव्या विचारांचे म्हणून छापली, त्यांची कामं बंद झाली. वॉल्टर बर्नस्टाइनसारखे लेखक दुसऱ्याच माणसाचं नाव पुढे करून लिहीत राहिले. 'यू आर देअर' या मालिकेच्या कित्येक संहिता अशा लिहिल्या गेल्या आणि त्या बसवणारा दिग्दर्शक होता तरुण सिडनी ल्युमेट. सॉक्रेटिसवरचा खटला, गॅलिलिओवरचा खटला असे विषय. आपल्याच दिवसांबद्दल लिहायची त्यांना सापडलेली ती जागा.

कृष्णवर्णीय नट तर अपवादानेच. २ ऑक्टोबर १९५५ ला 'फिल्को प्लेहाऊस'वर 'अ मॅन इज टेन फीट टॉल' झालं, त्यात सिडनी पॉइटिए गोदीतला मुकादम आहे आणि एका गोऱ्या कामगाराला आपल्या पंखाखाली घेतो. त्याच्या बायकोचं काम हिल्डा सिम्स यांनी केलं. त्या उजळ वर्णाच्या, त्यामुळे ही गोरी बाई आहे असं समजून लोकांनी निषेधाचे फोन केले. हे नाटक माझं सगळ्यांत आवडतं आहे. त्यात पॉइटिए ज्या मोकळेपणाने हसतो तसा तो नंतरच्या मोठ्या सिनेमांत क्वचितच हसला.

आणि 'जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग'. १६ एप्रिल १९५९, 'प्लेहाऊस ९०'. नाझी न्यायाधीशांवरच्या खटल्याचं नाटक, आणि प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन. गॅसच्या कोठड्यांचा उल्लेख जिथे येतो तिथे 'गॅस' हा शब्द आवाजातून काढून टाकला. नटाचे ओठ हलतात आणि आवाज जातो. लाखो माणसं ज्याने मेली तो शब्दच उच्चारायचा नाही. सुवर्णयुग म्हणताना मला ते हलणारे ओठ आठवतात.

---

तिसरी घंटा

अनवट, अनुमोदन. हरवलेल्या नाटकांबद्दल एक भर. ड्यूमाँट नावाचं तेव्हा चौथं नेटवर्क होतं, १९५६ पर्यंत चाललं. त्यांच्या किनेस्कोपांचा मोठा साठा १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या उपसागरात टाकून दिला गेला, अशी साक्ष अभिनेत्री एडी ॲडम्स यांनी १९९६ मध्ये दिली. ट्रक भरभरून. वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही.

सामान्य नाटकांबद्दल मात्र थोडा वेगळा विचार करतो. दर आठवड्याला चुकायची मुभा होती म्हणून तर ल्युमेट, जॉन फ्रँकनहायमर, आर्थर पेन, जॉर्ज रॉय हिल, फ्रँकलिन शॅफ्नर ही माणसं शिकली. सगळे पुढे सिनेमात गेले. सामान्य प्रयोगांवाचून दिग्दर्शक घडत नाही, हे आपल्या स्पर्धांतही मी पाहत आलोय.

---

हडसनकाठ

मी न्यू जर्सीत राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये बावन्नाव्या रस्त्यावरच्या पेली सेंटरमध्ये जाऊन 'रिक्वायम फॉर अ हेविवेट' पाहिलं होतं, त्याबद्दल लिहिते. तिथे जुने कार्यक्रम मागवून छोट्या पडद्यासमोर कानाला हेडफोन लावून बघता यायचे.

११ ऑक्टोबर १९५६. 'प्लेहाऊस ९०' सुरू होऊन दुसराच आठवडा. दीड तासाचं, सर्लिंगचंच नाटक. जॅक पॅलन्स यांनी माउंटन मॅक्लिंटॉक नावाचा मुष्टियोद्धा केलाय. डॉक्टर सांगतात, आणखी एक लढत खेळलास तर डोळा जाईल. चौदा वर्षं ठोसे खाण्यापलीकडे त्याला काही येत नाही. तो नोकरी शोधायला जातो तो प्रवेश माझ्या मनात कोरला गेलाय. खुर्चीत मावत नाही असा धिप्पाड माणूस, सुजलेला चेहरा, समोर रोजगार कचेरीतली बाई (किम हंटर). ती शिक्षण विचारते, अनुभव विचारते. तो हळूहळू खाली बघायला लागतो. मी तेव्हा या देशात नवी होते. व्हिसावर काम करता येत नव्हतं, घरी फॉर्म भरताना 'अनुभव' या रकान्याशी अशीच थांबायचे. हेडफोन लावून त्या शांत खोलीत रडले होते.

त्याच्या प्रशिक्षकाचं काम एड विन यांनी केलंय. ते आयुष्यभर विनोदी नट. चित्रविचित्र टोप्या, चिरका आवाज. गंभीर भूमिका अशी केलेली नव्हती आणि तालमींत त्यांना वाक्यं साधेनात. इतकी पाळी आली की आयत्या वेळी त्यांच्या जागी उभा करायला दुसरा नट गुपचूप तयार ठेवला होता. व्यवस्थापकाच्या भूमिकेत त्यांचाच मुलगा, कीनन विन. आपल्या बापाला जमत नाहीये हे रोज तालमीत बघणारा मुलगा! आणि त्या रात्री थेट प्रक्षेपणात एड विन असे उभे राहिले की शेवटच्या प्रवेशात नजर त्यांच्यावरून हलत नाही. दिग्दर्शक राल्फ नेल्सन यांनी पुढे या सगळ्या प्रकरणावरच वेगळं टीव्ही नाटक केलं.

---

गवतीचहा

हडसनकाठ ताई, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, बापलेकांचा तो भाग पुन्हा वाच.

---

कोपऱ्यातली खुर्ची

हिचकॉकबद्दल अजून कुणी लिहिलं नाही याचं नवल वाटलं! 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' ही थेट नव्हती, फिल्मवर चित्रित केलेली, त्यामुळे गवतीचहांच्या एकांकिकांत ती बसत नसेल. पण दर आठवड्याला अर्ध्या तासात नवी गोष्ट, हे काम तिच्याइतकं नेटकं फार थोड्यांनी केलं. २ ऑक्टोबर १९५५ ला सुरू झाली. (वर 'ट्वायलाइट झोन'ची तारीख २ ऑक्टोबर १९५९ आली आहे, पॉइटिएच्या नाटकाचीही २ ऑक्टोबरच, आणि आपलं मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही २ ऑक्टोबर १९७२ ला. योगायोगच, पण मला गंमत वाटली.)

हिचकॉक स्वतः दर भागाच्या आधी येऊन बोलायचा, पण मालिकेचा रोजचा गाडा ओढला जोन हॅरिसन या निर्मातीने. कथा निवडणं, माणसं जमवणं हे सगळं तिचं. त्या काळात एवढ्या जबाबदारीच्या जागी बाई, हे आवर्जून सांगायला हवं. हिचकॉकने स्वतः सतरा भाग दिग्दर्शित केले. त्यांतला 'लॅम्ब टू द स्लॉटर' (१९५८) कथा रोआल्ड डालची.

पुढे रहस्यभेद आहे, ज्यांना बघायचा आहे त्यांनी हा परिच्छेद सोडा. गरोदर बायको, पोलीस नवरा. तो येतो आणि सांगतो की मी तुला सोडून चाललोय. ती ऐकल्यासारखंच करत नाही. जेवायचं बघते म्हणते, फ्रीजरमधून मेंढीची गोठलेली अख्खी तंगडी काढून आणते आणि त्याच तंगडीचा घाव त्याच्या डोक्यात घालते. मग ती ओव्हनमध्ये. तपासाला आलेले पोलीस रात्रभर हत्यार शोधतात, भुकेजतात, आणि ती त्यांना आग्रहाने वाढते. बार्बरा बेल गेडिस शेजारच्या खोलीत भिंतीला टेकून बसली आहे आणि जेवणाच्या टेबलावरून पोलिसांचा आवाज येतो. मग तिच्या चेहऱ्यावर हसू येतं. ते हसू कितीही वेळा बघितलं तरी अंगावर काटा येतो.

आपल्याकडे रत्नाकर मतकरींच्या गूढकथा वाचून वाढलेल्या माणसाला ही मालिका परकी वाटणार नाही. तेच घर, तीच माणसं, आणि मधूनच काहीतरी सरकतं.

---

पाणकणीस

'आउटर लिमिट्स' ही विज्ञानकथांची मालिका कुणी पाहिली आहे का? १९६३ ते ६५. मला पहिला हंगाम आवडला, पण प्रत्येक भागात एक राक्षस दाखवायचाच या हट्टामुळे कंटाळा येतो. 'डेमन विथ अ ग्लास हँड' हा भाग तेवढा चुकवू नका. लॉस एंजेलिसच्या ब्रॅडबरी बिल्डिंगमध्ये चित्रित झालाय.

---

मेथीचेलाडू

नवीन माणसाने सुरुवात कुठून करावी? इंग्रजी संवाद भराभर कळत नाहीत मला.

---

रात्रपाळी

मेथीचेलाडू, 'मार्टी'पासून करा. संवाद साधे आहेत, आणि मार्टी व त्याचा मित्र एकमेकांना पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतात, की आज काय करायचं? जुने सिनेमे डीव्हीडीवर काढणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने २००९ मध्ये या काळातल्या आठ नाटकांचा संच काढला, त्यात 'मार्टी', 'पॅटर्न्स', 'रिक्वायम' तिन्ही आहेत, शिवाय 'डेज ऑफ वाइन अँड रोझेस' आणि अँडी ग्रिफिथचं 'नो टाइम फॉर सार्जंट्स'. दारूवरचं 'वाइन अँड रोझेस' मन घट्ट असेल त्या दिवशीच लावा. 'मार्टी' पाहिल्यावर लगेच १९५५ चा सिनेमा बघू नका, चार दिवस जाऊ द्या. अर्नेस्ट बॉर्गनाइन छानच आहे, त्याला ऑस्कर मिळालं, सिनेमालाही मिळालं. पण स्टायगर आधी मनात मुरू द्या.

---

गवतीचहा

'पॅटर्न्स' पाहिलं. त्याबद्दल वेगळं लिहीन, अजून लिहवत नाही.

आज दुसरं सांगायला आले आहे. रविवारी आईबरोबर हॉर्टन फूट यांचं 'द ट्रिप टू बाउंटिफुल' पाहिलं, १ मार्च १९५३ चं. मूकपटांच्या काळातल्या लिलियन गिश त्यात म्हातारी कॅरी वॉट्स झाल्या आहेत. ह्यूस्टनच्या दोन खोल्यांत मुलगा-सुनेबरोबर राहते. मरायच्या आधी एकदा आपल्या गावी, बाउंटिफुलला, जायचं एवढं एकच तिच्या मनात. पेन्शनचा चेक लपवून ती घरातून निघते. तिकीटखिडकीवर कळतं की बाउंटिफुलला आता गाडी थांबतच नाही. मग ती जवळच्या दुसऱ्या गावाचं बसचं तिकीट काढते. बसमध्ये शेजारी एक तरुण मुलगी बसते (इव्हा मरी सेंट), आणि रात्रभर दोघी बोलत राहतात. म्हातारी कुणाजवळ कधी न बोललेलं सगळं त्या अनोळखी मुलीला सांगते. सेट म्हणाल तर बसची दोन बाकं आणि खिडकीबाहेर अंधार.

आईला इंग्रजी फारसं येत नाही. मी मध्येमध्ये थांबवून सांगत होते. बसचा प्रवेश आला तेव्हा तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, थांबवू नकोस, कळतंय मला.

आईचं माहेर लांज्याजवळ. मामा गेल्यापासून घर बंद आहे, सोळा वर्षं झाली. नाटक संपल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. मी चहा टाकायला उठले तर आतून आवाज आला, "आपली गाडी आता कुठपर्यंत जाते गं? फाट्यापर्यंत तरी जाते ना?"

मी फोन करून विचारलं. सकाळची एक एसटी आतपर्यंत जाते अजून. दिवाळीनंतरचं बघतोय.